हात त्यांचे, आवाज कुणाचा? 'हाऊ टु बिल्ड ॲन इग्लू' आणि त्यानंतरची गोष्ट

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा भाग एका दहा मिनिटांच्या फिल्मबद्दल आहे. दहाच मिनिटं. आणि तिच्याबद्दल बोलायला मला त्याहून जास्त वेळ लागणार आहे, त्यामुळे हिशेब तसा तोट्याचाच. पण ऐका.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची इनुइट लोकांशी पहिली ओळख झाली ती भिंतीवरच्या इंग्रजी मुळाक्षरांच्या तक्त्यावर. 'आय'समोर कधी आईस्क्रीम असायचं, कधी इग्लू. पांढरा अर्धगोल, त्यावर विटांसारख्या रेघा, पुढे बोगद्यासारखं दार. काही तक्त्यांवर शेजारी पेंग्विनसुद्धा उभा असायचा! आता पेंग्विन दक्षिण ध्रुवाकडचा आणि इग्लू उत्तरेकडचा, पण चित्रकाराच्या मते दोघंही थंडीतलेच, मग काय हरकत आहे? तर असा तो इग्लू. तो आत कसा असतो, कोण बांधतं, कसं बांधतं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. आपणही विचारलं नाही.

ते सांगणारी फिल्म १९४९ची आहे. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डानं काढलेली, दिग्दर्शक डग्लस विल्किन्सन. नाव सरळसोट आहे: 'हाऊ टु बिल्ड ॲन इग्लू'. इग्लू कसा बांधावा. फिल्म बोर्डाच्या संकेतस्थळावर ती फुकट बघता येते. दोन माणसं, एक लांब पात्याचा सुरा आणि समोर पसरलेलं हिम. बाकी सामान शून्य. दीड तासात त्यांचं घर उभं राहतं.

इथे एक शब्दाचा खुलासा करते. मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. आजच्यापुरता फरक करूया: आकाशातून पडतं ते हिम, आणि पाणी गोठून होतो तो बर्फ. इग्लू हिमाचा असतो, बर्फाचा नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण घट्ट बसलेल्या हिमात हवेच्या बारीक बारीक पोकळ्या असतात आणि त्याच थंडी अडवतात. आपली गोधडी ज्या कारणानं ऊब देते, तेच कारण.

आता बांधकामाकडे येऊ. यात खरी गंमत आहे, त्यामुळे जरा सावकाश सांगते.

सगळ्यात आधी हिम निवडायचं. कुठलंही चालत नाही. भुसभुशीत असेल तर चिरा उचलताच हातात चुरा होतो. थरांचं असेल, म्हणजे दोन-तीन वेगवेगळ्या वादळांत साचलेलं, तर थरावरून तुटतं. वाऱ्यानं दाबून दाबून एकसंध केलेलं हिम हवं. ते वरून बघून कळत नाही, म्हणून काठी किंवा भाला खुपसून बघतात. काठी एकाच दाबानं, अडखळल्याशिवाय आत गेली की जागा ठरली. पाया खणायच्या आधी आपले गवंडी पहार मारून जमीन बघतात ना, तसंच.

मग सुरा. इनुक्टिटुट भाषेत, म्हणजे कॅनडाच्या पूर्वेकडच्या इनुइटांच्या भाषेत, त्याला 'पाना' म्हणतात. पूर्वी तो हाडाचा, शिंगाचा किंवा हस्तिदंतासारख्या दातांचा असायचा, पुढे पोलादी आला. त्यानं हिमाचे दोन-तीन फूट लांबीचे चिरे कापायचे. कोकणात जांभ्याचे चिरे काढतात, दिसायला साधारण तसेच. पण कापायचे कुठून? तर जिथे घर होणार, त्याच वर्तुळाच्या आतून. म्हणजे एकाच कामात दोन कामं होतात. भिंत वर चढत जाते आणि जमीन खाली जाते. बांधणारा आत उभा राहून स्वतःभोवती घर रचत असतो.

पहिला थर गोल रचून झाला की ते एक गोष्ट करतात, जी बघून मी फिल्म थांबवून मागे नेली. रचलेल्या थराचे सुरुवातीचे काही चिरे ते तिरके छाटून टाकतात. उतार करतात. का? कारण पुढचा चिरा त्या उतारावर बसवला की थर संपतच नाही, शंखासारखा गोल फिरत वर चढत जातो. प्रत्येक नवीन चिऱ्याला खालून आधार असतोच, शिवाय बाजूच्या चिऱ्याचाही असतो. वेगवेगळे थर केले असते, तर प्रत्येक थराचा पहिला चिरा आत झुकल्यावर एकटा पडला असता. इथे कुठलाच चिरा एकटा नाही.

आपल्याकडे स्लॅब घालायचा तर आधी सेंट्रिंग लागतं. कमान करायची तर खालून लाकडी साचा लागतो. इथे घुमट उभा राहतो आणि खाली काही नाही! प्रत्येक चिरा थोडा आत कललेला, कडा सुऱ्यानं तासून नेमकी जुळवलेली, वरून हाताचा एक धपका. बसला. तो पुरता अर्धगोलही नसतो बरं का. थोडा उंचट असतो. साखळी दोन टोकांना धरून सैल सोडली की जी वक्ररेषा होते, ती उलटी केल्यावर दिसेल तसा. त्या आकारात भार सरळ भिंतीतून जमिनीत उतरतो, त्यामुळे छत मधोमध बसत नाही. याचं गणित युरोपात सतराव्या शतकात मांडलं गेलं. इथे ते हातात होतं.

शेवटी माथ्यावर एक भोक राहतं. त्याच्यासाठी भोकापेक्षा मोठा चिरा कापतात, तो उभा करून त्याच भोकातून बाहेर काढतात, बाहेर आडवा करतात आणि मग आतूनच कडा तासत तासत खाली बसवतात. बाटलीला बूच बसावं तसा तो बसतो. मग भेगांमध्ये हिम दाबायचं, आपले गवंडी दरजा भरतात तसं. झोपायचा ओटा उंच आणि दार खाली, कारण ऊब वर राहते आणि थंड हवा खाली जाते. हवा खेळायला वर एक लहान छिद्र. आतल्या उबेनं भिंतीचा आतला पापुद्रा किंचित वितळतो आणि पुन्हा गोठतो, बाहेर वारा हिम आणखी घट्ट करतो. थोड्या वेळानं चिरे सुटे राहतच नाहीत, सगळं घर एकच तुकडा होतं. माणूस वर उभा राहिला तरी चालतं. बाहेर उणे तीस-चाळीस असताना आत शून्याच्या आसपास.

फिल्मच्या शेवटी हिवाळ्यातला आखूड दिवस मावळतो, ती दोन माणसं कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रेनडिअरच्या, कातड्यांची अंथरुणं आत नेतात. संपली फिल्म.

मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा खूश झाले. लगेच दुसऱ्यांदा पाहिली. आणि दुसऱ्या वेळी जरा अस्वस्थ वाटायला लागलं. का, ते कळायला वेळ लागला. मग लक्षात आलं, या फिल्ममध्ये एक माणूस सतत बोलतोय, आणि तो या दोघांपैकी नाही. इंग्रजी निवेदक आहे. चांगलं बोलतो, माहितीही बरोबर देतो. पण दीड तास काम करताना दोन माणसं काहीतरी बोललीच असतील की नाही? "अरे इकडे तिरका काप." "हा नको, हा तुटेल." त्यातलं एक वाक्य आपल्यापर्यंत पोचत नाही. हात त्यांचे, आवाज दुसऱ्याचा.

आता याला तांत्रिक कारण आहे, ते आधी सांगते. त्या काळी चित्रणाबरोबर आवाज टिपायची यंत्रं अवजड होती. तसल्या थंडीत ती नेणं म्हणजे दिव्यच. निवेदन नंतर चढवायचं, हीच तेव्हाची रीत. आपल्याकडेही तीच होती. मुंबईत १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं, आणि आपल्या आधीच्या पिढ्यांनी सिनेमाच्या आधी सक्तीनं ते माहितीपट पाहिले. त्यातले शेतकरी, विणकर, मच्छीमार कधी बोलायचे का? नाही. बोलायचा तो भारदस्त आवाज. या दोन गोष्टींत नातंही आहे. कॅनडाच्या फिल्म बोर्डाचा पाया घालणारे जॉन ग्रिअर्सन, त्यांच्या विचाराची छाप दोन्हीकडे होती. आणि त्याच बोर्डात काम केलेले जेम्स बेव्हरिज १९५०च्या दशकात भारतात येऊन बर्मा-शेलसाठी माहितीपट करत होते. तेव्हा हा दोष तिकडचा आणि आपण धुतल्या तांदळासारखे, असं काही नाही.

पण सगळं यंत्रावर ढकलून चालणार नाही. निवेदनात त्या लोकांना 'एस्किमो' म्हटलंय. हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. ते स्वतःला इनुइट म्हणतात. त्याचा अर्थ 'माणसं'. एक असेल तर इनुक. आणि 'इग्लू' या शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'घर'. कुठलंही घर. लाकडाचं, दगडाचं, कशाचंही. हिमाच्या घराला 'इग्लुविजाक' असा वेगळा शब्द आहे. म्हणजे आपण तक्त्यावर जे शिकलो, तो शब्दही अर्धाच शिकलो.

आणखी एक गोष्ट. १९४१पासून कॅनडाच्या सरकारनं इनुइट लोकांना क्रमांक घातलेले बिल्ले द्यायला सुरुवात केली होती. अधिकाऱ्यांना त्यांची नावं लिहिता येईनात, आडनावाची पद्धत नाही, म्हणून नंबर. ही व्यवस्था १९७०च्या आसपासपर्यंत चालली. म्हणजे ही फिल्म बनली त्या वर्षी सरकारदरबारी इनुइट माणसाची ओळख एका बिल्ल्यावर होती. जगाला घर बांधायला शिकवणारा माणूस, आणि कागदावर तो एक नंबर.

आता याच विल्किन्सनची पुढची गोष्ट. त्याच्यावर अन्याय करायचा नाहीये मला. तो वरवर बघून परत गेलेला माणूस नव्हता. १९५२ साली त्यानं 'लँड ऑफ द लाँग डे' नावाची फिल्म केली. बॅफिन बेटाच्या उत्तरेला पाँड इनलेट आहे, तिथल्या जोसेफ इडलाउट नावाच्या शिकाऱ्याच्या कुटुंबावर. पुढे तो वर्षभर इडलाउटच्या घरात राहिला, त्याचा मुलगा म्हणून. त्यावर १९५५ साली पुस्तकही लिहिलं. म्हणजे प्रेम होतं, आदर होता.

या फिल्ममध्ये इडलाउटला नाव आहे. तो 'मी' म्हणून बोलतो. मी अमुक, माझी शिकार, माझं कुटुंब. एक पाऊल पुढे, नाही का? पण तो 'मी' इंग्रजीत आहे, आणि आवाज इडलाउटचा नाही. त्याच्या वतीनं कुणीतरी 'मी' म्हणतंय. मला हे आधीच्या फिल्मपेक्षा जास्त खटकलं. तिथे निदान कळत होतं की बोलणारा बाहेरचा आहे.

आणि पुढे काय झालं? १९५५ साली इडलाउट पाँड इनलेट सोडून आणखी उत्तरेला रेझोल्यूटला गेला. तिथे हवामान केंद्र होतं, विमानतळ होता, सैन्याचा तळ होता. स्वतःच्या मुलखात ज्याचं नाव होतं असा शिकारी त्या तळाच्या आधारानं राहू लागला. १९६८ साली तो गेला. नंतर १९९० साली त्याच्या आयुष्यावर एक माहितीपट निघाला, नाव 'बिट्वीन टू वर्ल्ड्स'. दोन जगांच्या मध्ये. आणि मधल्या काळात, म्हणजे १९७४च्या मालिकेत, कॅनडाच्या दोन डॉलरच्या नोटेच्या मागच्या बाजूला एक चित्र आलं: शिकारीची तयारी करणारी इनुइट माणसं, कयाक होड्या. ते चित्र विल्किन्सनच्या त्या फिल्मच्या वेळच्या छायाचित्रावरून केलेलं होतं. त्यात इडलाउट आहे. लोकांनी तो खिशात घेऊन फिरवला, त्याच्यावर दूध-पाव विकत घेतला. नोटेवर नाव कुठे असतं? नव्हतंच.

रेझोल्यूट हे नाव लक्षात ठेवा, कारण त्याच्यामागे आणखी मोठी गोष्ट आहे. १९५३ आणि १९५५मध्ये सरकारनं काही इनुइट कुटुंबांना हलवलं. बरीचशी क्वेबेकच्या उत्तरेकडच्या इनुकजुआकची. तिथून सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, रेझोल्यूट आणि ग्रीस फिओर्डला. शिकार भरपूर आहे, आवडलं नाही तर दोन वर्षांनी परत आणू, असं सांगितल्याचं त्या लोकांनी पुढे साक्षीत सांगितलं. परत कुणी आणलं नाही. इनुकजुआकमध्ये हिवाळ्यात दिवस लहान होतो, पण सूर्य उगवतो. इथे महिनोन्‌महिने उगवतच नाही. पहिला हिवाळा तंबूंत काढावा लागल्याचंही त्यांनी सांगितलं. आता आपल्याला माहितीये ना, इग्लूला कुठलंही हिम चालत नाही ते? ज्ञान जागेशी बांधलेलं असतं. माणसं उचलून दुसरीकडे ठेवली म्हणून ते आपोआप बरोबर येत नाही.

आणि इनुकजुआक म्हणजे तेच गाव, जिथे १९२२ची जगप्रसिद्ध 'नानूक ऑफ द नॉर्थ' ही फिल्म बनली होती. तिचे दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टी. हलवलेल्या लोकांत त्यांचा इनुइट मुलगा जोसेफीसुद्धा होता. बापानं कधी ओळख दिली नाही, आणि सरकारनं ग्रीस फिओर्डला नेलं. कॅनडाच्या सरकारनं या स्थलांतराबद्दल माफी मागितली ती २०१० साली.

म्हणजे बघा, १९४९ची ती फिल्म कुठल्या क्षणी बनली! तेव्हा कॅनडातले बहुतेक इनुइट शिकारीच्या तळांवर राहत होते. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत बहुतेक सगळे सरकारी वस्त्यांमध्ये आले. शाळेसाठी, दवाखान्यासाठी, भत्त्यांसाठी, काही दबावामुळे. घरं मिळाली ती लाकडी, एका खोलीची, इतकी लहान की त्यांना 'काडेपेटी' म्हणायचे. फिल्म म्हणते, इग्लू असा बांधतात. आणि ती बघणारा देश त्या लोकांना इग्लूतून बाहेर काढायच्या तयारीत होता.

इथे थांबले असते तर हा भाग रडका झाला असता. पण गोष्ट इथे संपत नाही.

इग्लूलिक नावाचं एक गाव आहे. नावाचा अर्थच 'जिथे घरं आहेत ती जागा'. १९७०च्या दशकात उपग्रहामुळे टीव्ही येऊ शकत होता, तेव्हा या गावानं मतदान घेऊन तो नाकारला. एकदा नाही, दोनदा! कारण काय, तर त्यात आमच्या भाषेत काहीच नाही. इनुइट लोकांची स्वतःची प्रसारण संस्था निघाली, मग १९८३ साली गावानं होकार दिला. विचार करा, इडलाउटच्या तोंडी इंग्रजी 'मी' घातला, त्याला तीस वर्षं झाली, आणि एक अख्खं गाव म्हणतंय की आमच्या भाषेत बोलत नसाल तर घरात येऊ नका.

याच गावातला झकारियास कुनुक. जन्म १९५७, शिकारीच्या तळावर. नऊ वर्षांचा असताना शाळेसाठी वस्तीत आणलेला मुलगा. मोठा झाल्यावर दगडात कोरीवकाम करायचा. १९८१ साली त्यानं आपली शिल्पं माँट्रिऑलला नेऊन विकली आणि त्या पैशातून व्हिडिओ कॅमेरा घेतला. पुढे सहकाऱ्यांबरोबर 'इसुमा' ही निर्मितीसंस्था काढली. 'अतानारजुआत' हा त्यांचा चित्रपट संपूर्ण इनुक्टिटुटमध्ये आहे. २००१ साली कान महोत्सवात त्याला 'कॅमेरा द'ओर' मिळाला.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या २०१९च्या चित्रपटाबद्दल: 'वन डे इन द लाइफ ऑफ नोआ पिउगाटुक'. काळ १९६१चा. शिकारीला निघालेल्या नोआकडे एक सरकारी गोरा माणूस येतो, बरोबर दुभाषी. वस्तीत राहायला चल, मुलांना शाळेत घाल, एवढंच म्हणणं. आणि मग चित्रपटाचा मोठा भाग नुसतं बोलणं. उघड्यावर, थंडीत, चहा पीत. साहेब एक बोलतो, दुभाषी थोडं वेगळं सांगतो. नोआ काहीतरी म्हणतो, ते साहेबापर्यंत वेगळंच पोचतं. दोन्ही बाजूंचं आपल्याला कळतं, त्यांना एकमेकांचं कळत नाही. १९४९च्या फिल्ममध्ये जे ऐकू आलं नाही, ते सगळं इथे ऐकू येतं. नोआ विचारतो, विनोद करतो, टाळतो, शेवटी नाही म्हणतो. माणसासारखा माणूस.

बरं, मग जुनी फिल्म टाकून द्यायची का? मला तसं नाही वाटत. त्या दोन माणसांचे हात खोटे नाहीत. तो उतार, तो माथ्यावरचा चिरा, ते त्यांचंच आहे, आणि फिल्मनं ते जपलं हे खरं. विल्किन्सन तिथे गेला नसता तर मला ते कधी दिसलं नसतं. पण जपलं काय आणि सोडलं काय, हे दोन्ही मोजायला हवं.

आणि मीही आता इतका वेळ त्यांच्याबद्दल बोललेच ना? मराठीत, माझ्या खोलीत बसून, माझ्या आवाजात. हा पेच काही माझ्या पॉडकास्टनं सुटत नाही. म्हणून एक काम सांगते. आज रात्री 'हाऊ टु बिल्ड ॲन इग्लू' लावा. आधी आवाज बंद करून बघा. नुसते हात बघा. कोण कुणाकडे बघतं, कोण कुणाला थांबवतं, कोण पुढे काय लागेल ते आधीच ओळखतं. मग आवाज चालू करून बघा, निवेदक काय सांगतो आणि काय त्याच्या लक्षातच येत नाही. आणि मग जमेल तेव्हा कुनुकचा चित्रपट बघा. त्याला वेळ लागेल, तो घाई करत नाही.

काय दिसलं, ते मला कळवा. आणि घरी तक्त्यावर पेंग्विनवाला इग्लू असेल, तर तो पेंग्विन आधी हलवा!

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.